उबुंटूवर पायथन काढला, आता डेस्कटॉपच नाही

वाचनालय_खिडकी:
गावच्या वाचनालयात एकच कॉम्प्युटर आहे, उबुंटू २२.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमचा. नवा पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) टाकण्याआधी जुना काढावा म्हणून काल 'सुडो एप्ट ऑटोरिमूव्ह पायथन३' दिलं. भलीमोठी यादी आली, ती न वाचताच वाय दाबलं. रीस्टार्ट केल्यापासून काळ्या पडद्यावर नुसतं लॉगिन मागतंय, वायफायही नाही. पुस्तकांची सगळी यादी होम फोल्डरमध्ये आहे. ती गेली का? पोटात गोळा आलाय.

काळा_पडदा:
ताई, यादी शाबूत आहे. एप्ट, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारी-काढणारी कमांड, होम फोल्डरला हात लावत नाही. कृपा करून फॉरमॅट मारू नका.

उबुंटूची कितीतरी पॅकेजेस त्या पायथन ३.१० वर टेकून आहेत. तो निघाला की तीही निघतात, आणि ऑटोरिमूव्ह त्यांच्यामागे उरलेलीही झाडून नेतं. पण काय काय नेलं ते लिहून ठेवलेलं असतं. लॉगिन करून 'टेल /व्हार/लॉग/एप्ट/हिस्टरी.लॉग' द्या. (उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप इंग्रजीतच करा.) तुमची कमांड दिसेल, तिच्याखाली 'रिमूव्ह:' पासून प्रत्येक नाव आवृत्तीसकट.

नेटसाठी फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. 'आयपी लिंक' मध्ये फोनच्या जोडणीचं नवं नाव येईल, ते 'सुडो डीएचक्लायंट' (नेटचा पत्ता मागून घेणारी कमांड) पुढे द्या. मग 'सुडो एप्ट अपडेट' आणि 'सुडो एप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप'.

वाचनालय_खिडकी:
यादी आहे! 'एलएस' मध्ये फाइल दिसली, जीव भांड्यात पडला. पण डीएचक्लायंटला 'कमांड नॉट फाउंड' म्हणतंय.

काळा_पडदा:
म्हणजे तेही गेलं. हरकत नाही, सिस्टिमडी (कॉम्प्युटरच्या सेवा चालवणारा मूळ भाग) तर आहे, तोही नेट जोडू शकतो. '/ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क' मध्ये 'फोन.नेटवर्क' नावाची फाइल करा. तिच्यात चार ओळी: [मॅच], नेम=ते नवं नाव, [नेटवर्क], डीएचसीपी=येस. मग 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट सिस्टिमडी-नेटवर्कडी'.

जोडाक्षर:
एक भर घालते. उबुंटू-डेस्कटॉप मूळचंच परत आणतं, तुम्ही मागाहून टाकलेलं नाही. मराठी टायपिंगला आयबस-एम१७एन वापरत असाल तर ते वेगळं टाकावं लागेल. हिस्टरी.लॉगमधली यादी त्यासाठी जपून ठेवा. आणि इन्स्टॉलपुढे आधी 'डॅश एस' लावून बघा, काय होणार ते नुसतं दाखवतं, करत काही नाही.

वाचनालय_खिडकी:
आलं! फोन 'ईएनएक्स' ने सुरू होणाऱ्या लांब नावाने दिसला. दोन तास डाउनलोड चाललं, मग नेहमीचा लॉगिन पडदा. आयबस-एम१७एन यादीत सापडलं, तेही टाकलं. हा निरोप त्यावरच लिहितेय. दोघांचेही मनापासून आभार. आता नवा पायथन कसा टाकू?

काळा_पडदा:
जुना तसाच राहू द्या. डेडस्नेक्सच्या पीपीएमधून (उबुंटूबाहेरच्या लोकांनी चालवलेलं पॅकेजेसचं भांडार) ३.१२ शेजारी बसतो, 'पायथन३.१२' म्हणून हाक मारायची. 'पायथन३' ची लिंक मात्र त्याच्याकडे वळवू नका. आणि आज आधी ती पुस्तकांची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, ताई.