मदत हवी आहे: ग्रामपंचायतीचे संगणक लिनक्सवर न्यायचे आहेत

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. आमच्या दोन्ही मशीन जुन्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नवं विंडोज यांच्यावर चढत नाही आणि नव्या मशीनला निधी नाही. सरपंचताई म्हणतात, लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत, मुक्त स्रोत प्रणाली) टाकून बघा. केंद्र सरकारचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ पासून आहे, सी-डॅक या सरकारी संस्थेनं बनवलेली बॉस लिनक्स आहे, केरळच्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षं लिनक्सवरच चालतात. मग आपल्याला का जमू नये?

खरी अडचण जुन्या फाइलींची. ग्रामसभेचे ठराव, नमुना ८ च्या (घरपट्टी आकारणीच्या) नोंदी, सगळं कृतिदेवमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये. लिबरऑफिसात (एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर) उघडलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. फॉन्ट टाकला की वाचता येतं, पण आडनाव टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही. गावाचं दप्तर एका फॉन्टच्या भरवशावर राहावं, हे मला पटत नाही. एकगठ्ठा युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण मराठी अक्षरांत) बदलणारं, जोडाक्षरं आणि रफार न बिघडवणारं, नेटशिवाय चालणारं काही कोणी वापरलंय का? एक्सेलचे तक्तेही आहेत.

दुसरं, ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर पेमेंटसाठी डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी डोंगल लागतो. लिनक्सवर तो कोणी चालवला असेल तर कोणता ड्रायव्हर, कोणता ब्राउझर, तेवढं सांगा. तोवर एका मशीनवर विंडोज ठेवतोय. वऱ्हाडात कुणी असाल तर भेटायलाही येतो.