अनुभव धागा: प्रिया तेंडुलकर आणि आपल्या घरची ‘रजनी’

गवतीचहा:
काल माळा आवरताना आईचे १९८५ सालचे गॅसचे पुस्तक सापडले. मागच्या पानावर तिने पेन्सिलीने ‘वजन करूनच घ्यावा’ असे लिहिले होते. प्रिया तेंडुलकर जिच्यात अन्यायाचा जाब विचारणारी गृहिणी रजनी झाल्या होत्या, ती बासू चॅटर्जींची ‘रजनी’ ही मालिका त्या वर्षी रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागत असे. तिच्यातला गॅस सिलिंडरचा भाग पाहिल्यावर, तोवर कोणाशी चढ्या आवाजात न बोललेल्या माझ्या आईने सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला वजनकाटा आणायला लावले. सिलिंडर सव्वा किलो कमी भरला आणि तो परत गेला खरा, पण दुसरा मिळेपर्यंत आम्ही तेरा दिवस रॉकेलच्या स्टोव्हवर काढले. आपापल्या घरचे अनुभव अवश्य लिहावेत.

पाटावरवंटा:
आमच्या चाळीत हिशेब विचारणाऱ्या प्रत्येक बाईला ‘रजनी’ म्हणत. माझ्या लग्नाच्या बैठकीत मुलाच्या आत्याने ‘मुलगी रजनी तर नाही ना?’ असे विचारले, तेव्हा आईने शांतपणे ‘आहे’ असे उत्तर दिले. त्या आत्या आता माझ्या सासूबाईंपेक्षाही मला जवळच्या आहेत.

सांगलीकर:
माझे वडील तेव्हा मुंबईत भाड्याची टॅक्सी चालवत असल्यामुळे आमच्या घरात रजनी ही नायिका नव्हती. टॅक्सीचालकांवरच्या भागानंतर त्यांच्या सोबत्यांनी निदर्शने केली. वडील गेले नाहीत, मात्र मालकाला रोजचे पैसे चुकते करताना आमच्या हातात काय उरते, हे तिने एकदा विचारायला हवे होते, असे ते म्हणत. पुढच्या रविवारी दूरदर्शन संच त्यांनीच लावला, हेही नमूद करतो.

निशिगंध:
मी १९९५ च्या ‘हम पाँच’ या मालिकेची प्रेक्षक. अशोक सराफांच्या दिवंगत पहिल्या पत्नीच्या भूमिकेत प्रियाताई भिंतीवरच्या तसबिरीतून बोलत. रजनी सतत कोणाच्या तरी दारात उभी असे. इथे हालचालीला वावच नव्हता, सारी भिस्त चेहरा आणि आवाज यांवर, म्हणून मला हे काम अधिक अवघड वाटते. ‘अंकुर’मध्ये (१९७४) अनंत नाग यांच्या पत्नीची भूमिका त्यांचीच, हे मला फार उशिरा कळले. त्यांनी हॉटेलात स्वागतिकेची नोकरी केली, मराठीत कथा लिहिल्या. तरीही ओळख करून देताना लोक आधी ‘विजय तेंडुलकरांची मुलगी’ आणि मग ‘रजनी’ म्हणतात, याची मला खंत वाटते.

गवतीचहा:
सांगलीकर, तुमच्या वडिलांचा प्रश्न रास्त होता. निशिगंध, मीही शीर्षकात तेच केले, हे मान्य करते. १९ सप्टेंबर २००२ रोजी प्रियाताई गेल्याची बातमी मी आईला सांगितली, तेव्हा तिने प्रथम त्यांचे वय विचारले. सत्तेचाळीस, असे मी सांगितल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. स्वतः वयाने मोठी असूनही इतकी वर्षे ती त्यांना ‘रजनीताई’च म्हणत आली होती.