सीडीएचं नूतनीकरण आणि संघटनेची वर्गणी

अमेरिकेत सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट, म्हणजे लहान मुलांना सांभाळणाऱ्या-शिकवणाऱ्यांचं प्रमाणपत्र) हातात आल्यावर बालशिक्षण संघटनेची वर्गणी कशाला भरायची, असं काहीजण विचारतात. भराच! सीडीए ३ वर्षंच चालतं आणि नूतनीकरणाला बालशिक्षण संघटनेच्या सभासदत्वाचा पुरावा लागतो. एनएईवायसी ही तिथली राष्ट्रीय संघटनाच हवी असं नाही, स्थानिक संघटनाही चालते. शिवाय ४५ तासांचं प्रशिक्षण आणि प्रथमोपचार-सीपीआरचं (हृदय-श्वास थांबल्यास करायच्या तातडीच्या उपायांचं) मुदतीतलं प्रमाणपत्र. सीपीआर तान्ह्या व लहान मुलांचं हवं, नुसतं मोठ्यांचं नको.

पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांनी प्रशिक्षणाच्या १२० तासांची विभागणी आधीच बघावी: ८ विषय, प्रत्येकाला किमान १० तास. एका विषयाचे ४० केले म्हणून दुसऱ्यातले कमी पडलेले भरून निघत नाहीत. प्रमाणपत्रावर तास आणि तारीख छापलीय ना, हे वर्ग सोडण्याआधीच तपासा.