समुद्री गवत आणि केल्पच्या नोंदी: स्नॉर्केल करणाऱ्या स्वयंसेवकांना नेमके काय शिकवावे?

प्लिमथकर

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर आमचा पोहणाऱ्यांचा एक गट आहे. त्यातले बारा जण या उन्हाळ्यात उथळ पाण्यातले समुद्री गवत (झोस्टेरा मरीना) आणि शेजारच्या खडकांवरचे केल्प (मोठे तपकिरी समुद्री शैवाल) यांच्या नोंदी करणार आहेत. पोहणे आणि स्नॉर्केल सगळ्यांना जमते, स्कूबा कोणालाच नाही आणि वनस्पती ओळखण्याचा अनुभव शून्य. हाताशी वर्गातला एक दिवस, तरणतलावातली एक संध्याकाळ आणि समुद्रातल्या दोन फेऱ्या. एवढ्यात काय शिकवावे, काय सोडून द्यावे? ओहोटी कोणती निवडावी? आणि या नोंदी पुढे कोणाच्या उपयोगी पडतील अशा कशा ठेवाव्यात?

चौकटराजा

प्रजातींची यादी छोटी करा आणि अर्धा दिवस फक्त अंदाज जुळवण्यावर घालवा. स्वयंसेवकांच्या नोंदी वाया जातात त्या बहुतेक वेळा नाव चुकल्यामुळे नव्हे. तळावर ठेवलेल्या मोजणीच्या एकाच चौकटीत एकाला ३० टक्के गवत दिसते, दुसऱ्याला ६०, आणि पुढच्या वर्षी माणसे बदलली की गवत वाढले की बघणारा बदलला हे कळत नाही.

वर्गात दहा फोटो दाखवा, ज्यांतले आच्छादन (गवताने झाकलेला भाग) आधीच ठिपके मोजून काढलेले आहे. प्रत्येकाने न बोलता पाचाच्या पटीत आकडा लिहायचा, मग पाट्या एकदम उलटायच्या. दहापेक्षा जास्त फरक पडला तर त्या फोटोवर चर्चा, आणि नव्या फोटोंवर पुन्हा तेच. बहुतेक नवखे दाट आणि विरळ गवताच्या अंदाजात चुकतात. फोटोंत ५ ते १५ टक्क्यांचे दोन-तीन मुद्दाम ठेवा, आणि एक पूर्ण रिकामा. शून्य लिहायला लोक बिचकतात, म्हणून वाळूचीही चौकट भरायची सवय इथेच लावा.

चौकट ५० बाय ५० सेंमीची, २० मिमी पीव्हीसी पाइपची. पाइपला भोके पाडायची, नाहीतर आत हवा राहते आणि चौकट तरंगते. दर १० सेंमीवर दोरी ताणली की २५ घरे होतात, एक घर म्हणजे ४ टक्के. मात्र लांब पात्यांच्या गवतात दोऱ्या अडकतात, म्हणून तिथे दोऱ्यांशिवायची, एका बाजूने उघडी चौकट सरकवून घाला.

प्रवाहात पाती आडवी पडली की थोडेसेच गवत अख्खी चौकट झाकते. आकडा पाणी थांबलेले असतानाच घ्या; जमले नाही तर तसे शेऱ्यात लिहा. दाटीची खात्री करायची असेल तर एका कोपऱ्यात २५ बाय २५ सेंमी भागातले कोंब मोजा आणि १६ ने गुणा, म्हणजे चौरस मीटरचा आकडा मिळतो.

ऑस्ट्रेलियातल्या सीग्रास-वॉच या समुद्री गवताच्या नोंदी ठेवणाऱ्या उपक्रमाची पद्धत म्हणजे एकमेकींपासून २५ मीटरवर ५० मीटरच्या तीन मोजफिती, दर ५ मीटरला चौकट, म्हणजे ३३ चौकटी. तुमच्या नवख्यांना पहिल्या फेरीत एकच फीत, ११ चौकटी द्या. दर पाचवी चौकट दुसऱ्याने स्वतंत्रपणे, पहिल्याची पाटी न बघता भरायची. वर्षअखेरीस तुमच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते याच दुहेरी चौकटी सांगतील.

पात्याची उंची मोजताना सगळ्यांत लांब पाते शोधत बसू नका. सर्वांत उंच २० टक्के पाती सोडून उरलेल्यांतली तीन मोजा.

भरतीओहोटी

वरचे बाकी सगळे मान्य, पण पाणी थांबलेले हवे म्हणून भांगाची (अष्टमीच्या आसपासची, कमी चढउताराची) ओहोटी निवडाल तर फसाल. प्लिमथला उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या) ओहोटीला पाणी चार्टच्या शून्यापेक्षा (सागरी नकाशात खोली जिथून मोजतात त्या पातळीपेक्षा) सुमारे ०.८ मीटर वर असते, भांगाच्या ओहोटीला सुमारे २.२. शून्याखाली एक मीटरवरचे गवत उधाणाला १.८ मीटरवर आणि भांगाला ३.२ मीटरवर. वरून तरंगत बघणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. शिवाय तिथे उधाणाची ओहोटी दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे उजेडही चांगला. भांगाची येते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. आडोशाची खाडी निवडा, ओहोटीच्या आधी पाऊण तास उतरा आणि पाणी फिरले की बाहेर या.

दुसरे म्हणजे खोली. मनगटावरच्या खोलीमापकाचा आकडा तसाच पाठवू नका, त्यातून त्या वेळची भरतीची उंची वजा करा. पाण्याची खोली २.४ मीटर आणि भरती ०.९ असेल तर नोंद १.५ मीटर. इथे घड्याळ घात करते: छापील तक्ते पुष्कळदा जीएमटीत असतात आणि तुमचे घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे. उधाणाला तिथे पाणी साधारण ४.७ मीटर चढते-उतरते आणि मधल्या दोन तासांत दर तासाला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ताशी १.२ मीटर. एका तासाच्या चुकीने गवत मीटरभर खाली जाईल.

फोन वॉटरप्रूफ पिशवीत घालून बोयाला (तरंगत्या खुणेला) बांधा, बोया चौकटीच्या बरोबर वर आणा, मगच जागा टिपा. रेखांशाला उणे चिन्ह विसरू नका. तेवढे गळले की प्लिमथचे गवत बेल्जियम-फ्रान्सच्या सीमेवर उगवते.

प्लिमथकर

दोघांचेही आभार. केल्पसाठीही हीच चौकट चालेल का? आणि किती प्रजाती शिकवू?

चौकटराजा

केल्पला १ बाय १ मीटरची घ्या, एक बाजू उघडी. पाने मोजू नका, देठ मोजा, हात लावून. नियम एकच: खडकावरची पकड (केल्प खडकाला धरून ठेवणारा मुळासारखा भाग) चौकटीत असेल तर मोजायचे, पाने कुठेही लोळत असोत. पकड कडेवर असेल तर वरची आणि डावी कड धरायची, बाकी दोन सोडायच्या.

चार प्रजाती पुरेत. लॅमिनारिया हायपरबोरियाचा देठ खरखरीत, ताठ, वर निमुळता आणि बहुधा लाल शैवालाने मढलेला. लॅमिनारिया डिजिटाटाचा गुळगुळीत, लवचिक; उधाणाच्या ओहोटीला ती आडवी पडते आणि हायपरबोरिया उभीच राहते. सॅकरिना लॅटिसिमाचे पान एकसंध आणि चुण्यांचे. सॅकोरायझाची पकड गाठीगाठींची, पोकळ, फुगीर. इंग्लंडच्या नैऋत्येला लॅमिनारिया ऑक्रोल्युका हीदेखील सापडते: देठ ताठ पण गुळगुळीत, पानाच्या बुडाशी पिवळट. कोवळी रोपे कुणालाच वेगळी सांगता येत नाहीत, म्हणून तक्त्यात 'लॅमिनारिया, प्रजाती अनिश्चित' असा रकाना ठेवाच. तो नसला की लोक ठोकून देतात.

सॅकोरायझा वर्षायू आहे, म्हणजे वर्षभरातच वाढून मरते. मे आणि सप्टेंबरची तुलना केलीत तर केल्प भरभराटीला आल्यासारखे वाटेल. दरवर्षी तोच महिना धरा.

वजनपट्टा

सुरक्षेबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. ५ मिमी जाडीच्या वेटसूटमध्ये बुडी मारायला वजन लागते, पण श्वास पूर्ण सोडल्यावरही माणूस पृष्ठभागावर तरंगला पाहिजे, एवढेच. हे तलावात तपासा, मग समुद्राच्या खाऱ्या पाण्यात पुन्हा. जोडीतला एक खाली तर दुसरा वर, नजर खालच्यावर. बुडी १५ ते २० सेकंदांची, मध्ये निदान दुप्पट विश्रांती. बुडीआधी भराभर खोल श्वास घेणे साफ बंद: त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वासाची ओढ उशिरा लागते आणि माणूस आधीच बेशुद्ध होतो.

बोयाचे वजन गवतात टाकू नका, मोकळ्या वाळूत टाका. गाळ उडतोच, म्हणून प्रवाहाविरुद्ध पोहा. समुद्रघोडा दिसला तर जागा-वेळ लिहून पुढे सरका. तिथे तो १९८१ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. त्याला शोधत फिरणे नको, फ्लॅश तर नकोच.

नोंदी सीसर्च या स्वयंसेवी पाणबुड्यांच्या ब्रिटिश उपक्रमाच्या फॉर्मवर भरा, त्या तिथल्या राष्ट्रीय जैवविविधता जाळ्यापर्यंत (एनबीएन) पोचतात. फक्त फोटो आणि जागा असेल तर सीग्रास-स्पॉटर हे अ‍ॅप.

देवबागकर

मालवणात हे जमेल का? तारकर्लीला स्नॉर्केलवाले भरपूर आहेत.

चौकटराजा

केल्प विसरा, ते थंड पाण्यातले. खडकांवर सरगॅसम हे तपकिरी शैवाल आहे. त्याला आच्छादनाची चौकट चालते, पण पावसाळ्यानंतर पाणी निवळल्यावरच. गवतासाठी स्नॉर्केल नकोच: हॅलोफिला बेकारी खाड्यांच्या चिखलात उगवते, ओहोटीला चालत जाऊन नोंदवायची. ५० सेंमीची चौकट तीच, मात्र पान जेमतेम सेंटीमीटरभर, त्यामुळे उंचीचा रकाना काढून टाका. चिखलात गुडघाभर रुतायला होते आणि पावलांखाली तेच गवत चिरडते, म्हणून उभे राहायला फळी न्या आणि फितीच्या एकाच बाजूने चाला.