कुठल्या मुलाला कुठलं पुस्तक दिलंत? – अनुभव धागा

सुट्टी जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो : 'मुलाला वाचायला काय देऊ? पाच-दहा नावं सांगा ना.' आमच्या वसाहतीत आम्ही काहीजणी मुलांसाठी पुस्तकपेटी चालवतो, म्हणून माझ्याकडे तो जरा जास्तच येतो. नावं सांगायला काहीच लागत नाही. पण तीच यादी घेऊन एका घरातलं मूल जेवायचंही विसरतं आणि समोरच्या घरात पुस्तकं कोरीच्या कोरी राहतात, हे वारंवार बघून माझा नुसत्या यादीवरचा विश्वास उडाला आहे. पुस्तक कुणाला दिलं, हे कळल्याशिवाय त्याच्या शिफारशीला अर्थ येत नाही.

म्हणून हा धागा. पहिली ते आठवीच्या मुलांबद्दल लिहा. मूल कसं होतं, कशात रमायचं, तुम्ही काय पुढे केलंत, पुढे काय झालं. न चाललेल्या पुस्तकांबद्दलही लिहा. मुलांची आणि शाळांची नावं नकोत.

सुरुवात मी करते. पेटीवर पहिलीतली एक मुलगी यायची. माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा संच तिने नेला आणि पुढच्या आठवड्यात परत तोच मागितला. त्याच्या पुढच्याही आठवड्यात तोच. तिची आई म्हणाली, 'ताई, आता जरा जास्त मजकुराचं द्या ना, हे तर तिला पाठ झालंय.' मी म्हटलं, पाठ झालंय म्हणूनच राहू द्या. त्या पुस्तकांत घरातली माणसं आहेत, रोजच्या गोष्टी आहेत आणि चित्रं लेखिकेचीच असल्यामुळे शब्द नि चित्र एकमेकांना सोडत नाहीत. पोरगी आधी चित्रावरून बोलायची, मग आठवणीने 'वाचायची' आणि मग एक दिवस बोट ठेवून खरंच वाचायला लागली. लहान मुलांना पुन्हापुन्हा तेच हवं असतं. त्यात वेळ वाया जातोय असं समजून पुस्तक बदलू नका.

जिल्हा परिषद शाळा, वाडा तालुका, जि. पालघर

माझ्या तिसरीच्या वर्गात बहुतेक मुलांच्या घरी वारली बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना अर्धी परकी. अशा मुलांना 'सोपी पुस्तकं द्या' असं सगळे सांगतात, पण सोपं म्हणजे काय? तीनच ओळी असल्या आणि त्या तिन्ही शहरातल्या फ्लॅटबद्दल असल्या, तर माझ्या मुलांना ते सोपं नाही.

मी आधी मजकूर नसलेली किंवा अगदी कमी मजकुराची चित्रपुस्तकं काढते. शाळेत कधी तोंड न उघडणारी एक मुलगी. तिच्यासमोर जंगल नि प्राण्यांचं चित्र ठेवलं आणि म्हटलं, 'तुझ्या बोलीत सांग.' ती जी सुरू झाली! चित्रात नसलेला ओढा आणला, त्यात खेकडे आणले, आजीही आणली. तिने सांगितलेलं मी फळ्यावर लिहिलं आणि तेच आमचं त्या दिवशीचं वाचन झालं. त्यानंतर ती स्वतः कोपऱ्यातल्या दोरीवरची पुस्तकं काढायला लागली.

पैशाचा प्रश्न असलेल्या शिक्षकांसाठी : प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून इंटरनेटवर आहे. त्यावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्याही वाचनाच्या चार पातळ्या लावलेल्या. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रपुस्तकं अजूनही खिशाला परवडतात. पातळी मात्र मुलाला सांगू नका. 'तू पहिल्या पातळीचा' हे ऐकून कुणाला वाचावंसं वाटेल?

डोंबिवली

मुलगा चौथीत, सेमी-इंग्रजी. जोडाक्षर आलं की अडखळायचा, मग चिडायचा, मग पुस्तक पलंगाखाली. त्याच्या मामाने 'चिंटू'ची पुस्तकं आणली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झाली, मी शाळेत असताना रोज सकाळी आधी तीच बघायचे. तीन-चार चौकटी, दोन-तीन वाक्यं आणि शेवटी हसू. अडखळला तरी हसण्यापर्यंत पोचायचं म्हणून तो रेटायचा.

घरातल्या मोठ्यांनी ऐकवलं, 'हे काय वाचन आहे? चित्रंच बघतोय.' मला ते मुळीच पटत नाही. दोन चौकटींच्या मधे काय घडलं हे मूल मनातल्या मनात जोडतं, ते वाचनच आहे. त्यानंतर आम्ही दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'वर आलो. प्रकरणं आटोपशीर, बोक्या खोडकर पण मनाचा चांगला आणि संवाद भरपूर. बोक्याचं बोलणं तो वाचायचा, बाकीचं मी. आता बाकीचंही तोच वाचतो आणि मध्ये बोललेलं त्याला चालत नाही.

नाशिक, एक आजोबा

नातू पाचवीत. त्याला भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' दिला. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे, पुण्याची विद्याभवन शाळा, सायकल आणि तोंडाने काढलेलं ते 'ट्टॉक'. माझ्या पिढीला यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नव्हतं. नातवाचा पहिला प्रश्न : 'त्याने फोन का नाही केला?' तार, ट्रंक कॉल हे सगळं सांगत बसलो असतो तर गोष्ट तिथेच मेली असती. म्हणून पहिली दोन प्रकरणं मीच मोठ्याने वाचली, अडलेले शब्द जाता जाता सांगत गेलो आणि फेणे ऐन अडचणीत सापडला तिथे थांबलो. म्हटलं, आता मला फिरायला जायचंय. परत आलो तोवर तो बराच पुढे गेला होता.

जुन्या पुस्तकांचं असं आहे. भाषा जुनी झाली म्हणून ती टाकून देऊ नयेत, आणि ती मुलाच्या हातात देऊन निघूनही जाऊ नये. उंबऱ्यापर्यंत सोबत करावी. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' असाच वाचून दाखवायला घेतला आहे.

नवी मुंबई

आजोबा, तुमच्याबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं लिहितो. माझी मुलगी सहावीत आहे, वाचते खूप. एकदा म्हणाली, 'बाबा, गोष्टींतली घरं आपल्यासारखी का नसतात?' तिला वाडा, दिवाणखाना, हुशार दादा आणि चिमुकली ताई यांचा कंटाळा आला होता. आमचं मूळ गाव कोयनेच्या जलाशयात गेलं. माझ्या आजीने ते गाव पाण्याखाली जाताना पाहिलं. हे सगळं घरात बोललं जातं, पण छापलेलं तिने कधी वाचलं नव्हतं.

मी शोधत शोधत ल. म. कडूंच्या 'खारीच्या वाटा'पाशी आलो. धरणात जाणाऱ्या गावातल्या मुलाची गोष्ट आहे, २०१७ साली तिला साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मुलीने ते वाचलं आणि थेट गावच्या चुलत आजोबांना फोन लावला : तुमच्या घरासमोर कुठलं झाड होतं, गुरं कुठे नेलीत, देव कुठे हलवला? ते कितीतरी वेळ बोलत होते. आम्ही इतकी वर्षं त्यांना यातलं काही विचारलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच की शिफारस करणाऱ्याने आपल्या लहानपणीची पुस्तकं जरूर द्यावीत, पण तेवढ्यावर थांबू नये. साहित्य अकादमी २०१० पासून दरवर्षी बालसाहित्याचा पुरस्कार देते. वनखात्यात काम करणाऱ्या सलीम मुल्लांचं 'जंगल खजिन्याचा शोध' हे २०१९चं पुरस्कारप्राप्त पुस्तक. ही नावं शाळेच्या कपाटात का दिसत नाहीत?

यवतमाळ जिल्हा, माध्यमिक शिक्षक

सातवीचा वर्ग, जवळजवळ सगळे कापूस पिकवणाऱ्या घरांतले. ऑफ तासाला वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' वाचायला घेतलं. १९८१चं पुस्तक, अनेकांनी वाचलं असेल. मला स्वतःला ते प्रेरणेचं पुस्तक म्हणून माहीत होतं : गुलामीत जन्मलेला अशक्त पोर, रोपांची देखभाल करता करता शास्त्रज्ञ होतो. मुलांनी मात्र ते दुसऱ्याच बाजूने पकडलं.

अमेरिकेच्या दक्षिणेत वर्षानुवर्षं कापूस घेऊन जमिनी थकल्या होत्या. तिथल्या टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेत शिकवायला आलेला कार्व्हर शेतकऱ्यांना सांगतो की भुईमुगासारखी पिकं आलटूनपालटून घ्या, जमीन सावरेल. तो भाग आला आणि वर्गात एकदम कुजबुज सुरू झाली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी खिडकीतून बाहेरच बघत असतो, उठून म्हणाला, 'सर, हा माणूस आपल्या इकडं आला असता त माह्या बाबाले सांगतलं असतं त्यानं.' मग त्यांनी त्यांच्याकडच्या जमिनी सांगायला सुरुवात केली. कुणाच्या वावरात तूर मधे घेतात, कुणाच्या नाही, बियाण्याला किती लागतात, बोंडअळीने गेल्या साली काय झालं. पुढचे दोन तास पुस्तक उघडंच होतं, पण बोलत मुलं होती. भुईमूग घेतला की विकायचा कुठे, हाही प्रश्न त्यांनीच काढला. कार्व्हरपुढेही तोच प्रश्न आला होता, म्हणून त्याने शेंगदाण्याचे शेकडो उपयोग शोधले. ते प्रकरण मुलांनी मला दुसऱ्यांदा वाचायला लावलं.

खिडकीतून बघणाऱ्या त्या मुलाने नंतर पुस्तक घरी नेलं. वडिलांना रात्री वाचून दाखवतो असं त्याच्या बहिणीने सांगितलं. चरित्रं मुलांना 'मोठे व्हा' म्हणून देतात. मी आता त्यांच्या वावराशी काय जोडलं जातंय ते बघून देतो.

विज्ञानकथा मागणाऱ्यांना जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' देतो, पण आठवीत. सातवीत दिलं तर निम्मे अर्ध्यावर सोडतात.

न्यू जर्सी

आमची अडचण वेगळी आहे. मुलगी अकरा वर्षांची, घरी अस्खलित मराठी बोलते, रविवारच्या मराठी शाळेत देवनागरी शिकली, पण वाचन पहिलीच्या मुलाच्या वेगाने. त्या वेगाला साजेशी पुस्तकं दिली तर म्हणते, 'आई, ही बाळांची आहेत.' आणि तिच्या वयाची दिली तर एका पानाला अर्धा तास.

उपयोग झाला 'तोत्तोचान'चा. तेत्सुको कुरोयानागी यांच्या शाळेच्या आठवणी, मराठीत नॅशनल बुक ट्रस्टने काढलेल्या. ते तिने आधी इंग्रजीत वाचलं होतं आणि आगगाडीच्या डब्यांत भरणारी ती शाळा तिची अतिशय लाडकी. गोष्ट ठाऊक असल्यामुळे मराठीत अर्थ शोधायचं ओझं नव्हतं, नुसती अक्षरं उलगडायची होती. प्रकरणं छोटी छोटी, त्यामुळे रोज एक. पहिल्याच दिवशी हेडमास्तर कोबायाशी त्या बडबड्या मुलीचं सगळं ऐकून घेतात, ते प्रकरण तिने आजीला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं.

दुसरं, बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. परदेशातल्यांसाठी हा खजिना आहे. कोडी आणि विनोदांपासून सुरुवात करा.

सांगली, एक मावशी

हे लिहू की नको असं झालं होतं. माझ्या भाचीची आई, म्हणजे माझी बहीण, भाची सहावीत असताना गेली. भेटायला येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी 'श्यामची आई' आणलं. हेतू चांगलाच होता. पण साने गुरुजींचं ते पुस्तक घरोघरी संस्काराच्या डोसासारखं दिलं जातं आणि त्या घरात तेव्हा ते वाचणं काय असेल याचा विचार कुणी केला नव्हता. भाचीने सगळ्या प्रती एकावर एक रचून कपाटात ठेवल्या.

मी तिला काहीच दिलं नाही. तिला वाचनालयात न्यायचे आणि सांगायचे, तुला हवं ते घे. तिने बरेच दिवस पक्ष्यांची पुस्तकं घेतली, पक्ष्यांशिवाय काही नाही. रंगीत चित्रं, पिसांचे रंग, घरटी. ग्रंथपाल बाई समजूतदार होत्या, त्यांनी तिच्यासाठी जंगल नि पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींची पुस्तकं बाजूला काढून ठेवली आणि 'कठीण वाटलं तर परत कर' म्हणाल्या. ती आठवीत गेल्यावर एका रात्री माझ्याकडे येऊन म्हणाली, 'मावशी, कपाटातल्या त्या प्रतींतली एक वाचूया का?' 'श्यामची आई'त बेचाळीस रात्री आहेत. आम्ही रोज एक वाचली. मधे दोघी रडलो, कधी श्यामच्या हट्टांना हसलो. ते मोठं पुस्तक आहे यात मला शंका नाही. ते कधी उघडायचं हे तिचं तिने ठरवलं.

पुणे

थोडक्यात. एका जागी न बसणाऱ्या मुलांना नाटकं द्या. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' आम्ही चौथी-पाचवीच्या मुलांत वाटून वाचलं. चिंची चेटकीण व्हायला मुलं भांडतात आणि आपलं वाक्य चुकू नये म्हणून न सांगता घरी चारदा वाचून येतात.

लातूर

माझी मुलगी सहावीत आहे, तिला फक्त भुतांच्या गोष्टी हव्यात. धाकटा दुसरीत, त्यालाही ताई वाचते तेच हवं. काय देऊ?

धागा सुरू करणारी

लातूरच्या ताई, धाकट्यासाठी विंदा करंदीकरांचं 'पिशीमावशी आणि तिची भुतावळ' आणा. भुतं आहेत, पण कवितेतली आणि मजेची. ताईनेच त्याला मोठ्याने वाचून दाखवावं, दोघांचं काम होईल. मुलीला मतकरींच्या गूढकथा सरसकट देऊ नका, त्या मोठ्यांसाठी लिहिलेल्या आहेत. आधी तुम्ही वाचा, त्यातल्या एक-दोन निवडा आणि दिवसा द्या. तोवर 'किशोर'च्या जुन्या अंकांत रहस्यकथा शोधायचं काम तिच्यावर सोपवा. आणि ती कशाने घाबरली, कशाने नाही, ते इथे नक्की कळवा. आमच्या पेटीवरही भुतं मागणारे तिघे-चौघे आहेत.