मदत हवी आहे: गाडीतून श्रीखंड चिपळूणला न्यायचंय

सानपाड्याहून चिपळूण, सकाळी सहाला निघणार. वाटेत माणगावचा ट्रॅफिक धरून सहा-सात तास. घरचंच श्रीखंड न्यायचंय: चार लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण दीड किलो चक्का, सव्वा किलो साखर.

दही मलमलच्या फडक्यात रात्रभर टांगणार, पण फ्रिजमध्ये. बाहेर टांगलं तर या उकाड्यात सकाळपर्यंत आंबट होतं. शेवटचे दोन तास वर वजन. चक्क्यात पाणी राहिलं की साखर ते आणखी सोडवते, आणि खड्ड्यांत डबा हलला की कडेला पिवळट पाणी सुटतं. केशर म्हणूनच दोन चमचे दुधातच खलायचं, जास्त नाही.

आता प्रश्न. साखर इथेच घालून पुरणयंत्रातून काढून न्यावं, की चक्का कोरडाच नेऊन तिकडे साखर मिसळावी? मला दुसरं पटतंय, पण साखर मुरायला तीन-चार तास हवेत आणि पंगत रात्री आठला आहे.

दुसरं, डबा. स्टीलचा डबा काठोकाठ भरून आइसबॉक्समध्ये, खाली-वर जेलपॅक, असं ठरतंय. आइसबॉक्स डिकीत ठेवावा की एसीत, मागच्या सीटच्या पायाशी? (तिथे मुलांच्या चपला असतात, तो वेगळा विषय.) डिकी उन्हात किती तापते, कोणी मोजलंय का?

गोठवून न्या असं कृपया सुचवू नका, सुटल्यावर रवाळ होतं.

चारोळी आणि वेलची तिकडेच घालणार.