पिस्टन अडकत असेल तर आधी सिलिंडरकडे पाहा

गरम हवेच्या छोट्या इंजिनाचा बिडाचा पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर अडकतो, या तक्रारीवर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून पिस्टनच आत फिरवण्याचा सल्ला दिला गेला आहे. माझी कळकळीची विनंती आहे की तसे करू नये. ती पेस्ट दोन्ही भागांना खाते, त्यामुळे सिलिंडरची तोंडे फाकतात, पिस्टन कडांना निमुळता होतो आणि मग दोन्ही नव्याने करावे लागतात.

त्याऐवजी तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वेगळा लॅप, म्हणजे सिलिंडर आतून घासायचा दांडा, लेथवर कातून घ्यावा, त्याला उभी चीर देऊन निमुळत्या स्क्रूने किंचित फुगवता येईल असे करावे, आणि लेथ अगदी सावकाश चालवत सिलिंडर हातात धरून त्यावर मागेपुढे सरकवावा. लॅप सिलिंडरपेक्षा मऊ हवा, म्हणजे त्याला लावलेल्या पेस्टचे घासणारे कण त्यात रुततात आणि झीज सिलिंडरची होते. कुठे घट्ट लागते ते बोटांना लगेच कळते; तेवढ्याच जागी थोडे अधिक फिरवावे.

नंतर दोन्ही भाग रॉकेलने धुऊन, पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत पुसावेत. सिलिंडर उभा धरून खालचे तोंड अंगठ्याने बंद केले की कोरडा पिस्टन हवेवर तरंगत हळूहळू उतरला पाहिजे, आणि अंगठा काढताच स्वतःच्या वजनाने सरकन खाली आला पाहिजे. या इंजिनात दाट तेल मात्र घालू नये, कारण त्याच्या चिकटपणातच बरीचशी ताकद वाया जाते.